थेमेलिनाची आवडती हवा

जुलैतल्या एका रविवारी सेवास्तीने आपल्या लग्नाची तारीख सांगितली, तेव्हा तिची आई थेमेलिना कांदा चिरत होती. त्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी का आलं, याची चौकशी कुणी केली नाही.

"ऑक्टोबरचा शेवटचा रविवार," सेवास्ती म्हणाली. "तीनला चर्च आणि पाचपासून जेवण, आपल्या परसात, आंब्याखाली. हॉल नाही, एसी नाही, काही नाही. ऐन दाटणीत. तुझ्या आवडत्या हवेत, आई."

थेमेलिनाची सुरी थांबली. बाहेर कोरड्या हंगामातली संध्याकाळ होती, अंगावर हलकी शाल घ्यावी अशी. समुद्रावरून वारा येत होता आणि आकाश पुसून ठेवलेल्या बशीसारखं होतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या या डार्विनमध्ये लग्नं होतात ती याच दिवसांत. शहाण्या माणसांची.

"छान," ती म्हणाली आणि तिने दुसरा कांदा घेतला. खरं तर कालवणाला एकच पुरे होता.

टेबलाशी तिची शेजारीण कालिओपी कॉफी पीत बसली होती. सेवास्तीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तेलाची बाटली तिनेच धरली होती, त्यामुळे या घरात बोलायला ती कुणाला भीत नसे. कपाच्या कडेवरून तिने थेमेलिनाकडे पाहिलं. "वीस वर्षं सगळ्यांना सांगत होतीस ना? घे आता."

दाटण म्हणजे पावसाआधीचे दोन-अडीच महिने. रोज दुपारी आकाशात ढगांचे डोंगर उभे राहतात, आता कोसळणार असं वाटतं, माणसं धुणं काढतात, आणि अंधार पडेपर्यंत सगळं विरून जातं. उरतो तो घाम. या दिवसांत लोक वर्षानुवर्षांचे मित्र तोडतात, नोकरीचे राजीनामे लिहितात, नवऱ्याच्या चघळण्याच्या आवाजाने बायका घराबाहेर जाऊन बसतात. ज्याला जमतं तो विमानात बसून दक्षिणेला थंडीत जातो. आणि एवढ्या मोठ्या गावात दाटण आवडणारी बाई एकच होती. शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच करणारी थेमेलिना. पोरं मुद्दाम विचारायची, "लीना, आज कसं वाटतंय?" आणि कपाळावरून ओघळणारं पाणी दंडाने निपटत ती म्हणायची, "झकास. कोरड्या हंगामाचं उगाच कौतुक करतात लोक. दुकानातलं सफरचंद आहे ते, नुसतं चकचकीत, चव कसली नाही. हवा म्हणजे ही."

आता ही आवड कुठून आली, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. निदान त्या ऑक्टोबरपर्यंत तरी तिला तसं वाटत होतं.

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरून ती लग्न होऊन आली तेव्हा बावीस वर्षांची होती. नवरा नोमिकोस घरं रंगवायचा. स्वभावाने हसरा, कानात कायम रंगाचा एक ठिपका. सेवास्ती आठ वर्षांची असताना जुलैच्या एका सकाळी तो शिडीवर चढला, छातीला हात लावून खाली उतरला, आणि पायरीवर बसला तो उठलाच नाही. त्या दिवशी आकाशात ढगाचा इवलासा तुकडाही नव्हता. पुढचे कित्येक दिवसही नव्हता. स्मशानभूमीत माणसं हलक्या आवाजात म्हणत होती, "दिवस किती सुंदर आहे." थेमेलिनाला ते वाक्य कुणीतरी तोंडावर फेकून मारल्यासारखं लागलं होतं.

मग ऑक्टोबर आला. शाळेला सुट्टी लागली आणि सेवास्तीच्या मैत्रिणी एकेक करून विमानात बसल्या. एक ॲडलेडला आजीकडे, एक बर्फ बघायला. एका दुपारी पोरगी पायरीवर, वडील बसले होते त्याच पायरीवर, हनुवटी गुडघ्यांवर टेकून बसली आणि म्हणाली, "आपण का नाही जात?"

थेमेलिनाजवळ खरं उत्तर होतं, तिकिटाला पैसे नव्हते. ते आठ वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून ती तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "कारण खरी मजा आता येते. जे जातात ते वेडे. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

एकदा बोलल्यावर ते निभवावं लागलं. तिने चादर भिजवून पिळून पंख्याखाली जमिनीवर अंथरली आणि त्यावर दोघी आडव्या पडल्या. ढगांना नावं दिली. आज कुठला ढग फुटणार यावर पैजा लावल्या, हरणाऱ्याने आंबे सोलायचे. रोज कुणीच जिंकत नव्हतं, मग दोघींनी मिळून सोलायचे. क्षितिजावर विजा चमकायला लागल्या की दोघी धुण्याच्या दोरीपाशी खुर्च्या टाकून बसायच्या. आणि पोरीला कुठून दुसरंच काही कळू नये म्हणून थेमेलिना शेजारणींना तेच सांगू लागली, मग कँटीनमध्ये तेच, मग पाद्रीबाबांनाही तेच. पाद्रीबाबा म्हणाले होते, "बाई, प्रायश्चित्ताचे दुसरे मार्ग आहेत."

सेवास्ती मोठी झाली, नर्स झाली, मेलबर्नच्या चांगल्या रुग्णालयात तीन वर्षं राहिली, आणि एके दिवशी सामान घेऊन परत आली. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताना तो गरम ओला वारा तोंडावर आला तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली होती, "मिळाली. माझी हवा." थेमेलिना त्या वेळी हसली होती. मागून तिला वाटलं, पोरगी चांगली नोकरी सोडून आली ती माझ्या थापेपायी. नंतर परगावचा अँगस भेटला, सरकारी जहाजांवर इंजिनं दुरुस्त करणारा, आणि पोरगी इथेच रुजली. आता त्याच थापेखाली बसून लग्नाचं जेवण जेवायचं होतं.

ऑगस्टमध्ये तिने आडून सुचवून पाहिलं. "मला वाटतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला फुलं चांगली मिळतात."

"आपल्या दारातला चाफा ऑक्टोबरलाच भरतो. तूच म्हणतेस."

"अँगसच्या आईला झेपेल का? होबार्टची बाई. तिकडे उन्हाळ्यातही स्वेटर घालतात."

"वेंडीला मी तुझं सगळं सांगितलंय. ती म्हणाली, लीनाला आवडतं तर काहीतरी असेलच त्यात."

थेमेलिनाला घाम फुटला, आणि ऑगस्टमध्ये डार्विनला घाम फुटत नाही.

कालिओपी मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. ग्रीक मंडळाच्या कमिटीवर ती होती. ऑक्टोबर उजाडल्यावर तिने थेमेलिनाला कोपऱ्यात घेतलं. "मंडळाचा हॉल मी त्या रविवारी कुणाला दिलेला नाही. एसी परवाच दुरुस्त झालाय, आत उभं राहिलं की दात वाजतात. तू पोरीला खरं सांग आणि जेवण तिकडे हलव. पण लग्नाच्या आधीच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत मला सांगायचं. बारानंतर एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला द्यावा लागेल."

"काय खरं सांगू?"

"की तुला ही हवा आवडत नाही म्हणून. आणखी काय?"

"हो," थेमेलिना म्हणाली. पण घरी जाताना, तापलेल्या रस्त्यावर, तिला पहिल्यांदाच शंका आली. आवडत नाही, हे खरं आहे का? तिने आकाशाकडे पाहिलं. आग्नेयेला एक ढग चढत होता, वरून पांढराशुभ्र, खालून वांग्यासारखा जांभळा. तिच्या मनात त्याला नावही येऊन गेलं. मग पाठीवरचं पोलकं ओलं होऊन चिकटलं आणि तिला किळस आली. दोन्ही गोष्टी एका मिनिटात झाल्या. त्यातली कुठली धरायची?

मंगळवारी वेंडी आली. उंच, हाडकुळी बाई, साठीची, विमानातून उतरली तेव्हा गोरी होती आणि गाडीपर्यंत पोचेतो बिटासारखी लाल झाली. थेमेलिनाने मनाशी ठरवलं, बस, ही एकदा म्हणाली की सहन होत नाही, की आपलं काम झालं. पाहुणीसाठी जेवण हॉलमध्ये हलवलं, असं सांगता येईल. थापेला हातही लावावा लागणार नाही.

"वेंडी, तुम्हाला फार उकडत असेल ना?" तिने आशेने विचारलं.

"छे हो. मला तर मजा वाटतेय. तीस वर्षं होबार्टला हाडं शेकत बसलेय मी. गुडघे आज पहिल्यांदा दुखत नाहीयेत. तुम्ही म्हणता ते खरं आहे, या हवेला उगाच नावं ठेवतात."

ही बाई खरं बोलत होती की पाहुणी म्हणून बोलत होती? दुसऱ्या दिवशी दुपारी थेमेलिना कँटीनमधून लवकर घरी आली तर स्वयंपाकघरात वेंडी फ्रिजचं दार उघडून, आत खांद्यापर्यंत शिरून उभी होती.

"दूध शोधत होते," वेंडी डोकं बाहेर न काढता म्हणाली. दुधाची बाटली तिच्या हातात होती.

"असेल तिथेच," थेमेलिना म्हणाली आणि मागल्या पावली बाहेर आली. हे लोक इतके सभ्य असतात की त्यांच्याकडून काही कळायची सोय नाही. पण मग गुडघ्यांचं काय? गुडघे खोटं कशाला बोलतील?

गुरुवार उजाडला. सकाळी अकराला मायलेकी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. पाहुण्यांना वाटायचे साखरेचे पांढरे बदाम जाळीच्या कापडात बांधायचे होते, एका पुरचुंडीत पाच. पाच, कारण पाचाचे दोन सारखे वाटे होत नाहीत. नवराबायकोचेही होऊ नयेत. वेंडी गाडी करून समुद्रावर गेली होती. पंखा पूर्ण वेगात फिरत होता. छतावर पाल चुकचुकली.

थेमेलिनाने बदामांचा डबा आणून टेबलावर ओतला, आणि दोघी बघत राहिल्या. बदामांना घाम येत होता. आधी त्यांच्यावर धुकं धरलं, मग थेंब जमले, मग साखर विरघळून बोटांना चिकटायला लागली.

"आई," सेवास्ती हळूच म्हणाली, "तू हे फ्रिजमध्ये ठेवले होतेस?"

डार्विनमधल्या कुठल्याही ग्रीक बाईला झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल की लग्नाचे बदाम दाटणीत फ्रिजमध्ये ठेवायचे नसतात. थंडगार बदाम बाहेरच्या हवेत आणला की त्याची खळ होते. घट्ट झाकणाचा डबा, कपाटाचा वरचा खण, सोबत तांदळाची पुरचुंडी. थेमेलिनाने स्वतः शंभर लग्नांत हे दुसऱ्यांना सांगितलं होतं. मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर, आवराआवरीत, आपल्याच हाताने तिने ते बदाम फ्रिजमध्ये सारले होते. का, ते आठवत नव्हतं. त्यांना उकडत असेल असं वाटलं असावं.

"तुझं काहीतरी बिनसलंय," सेवास्ती म्हणाली. "अँगस आवडत नाही का तुला?"

"अँगस? तो काय वाईट आहे? चांगला मुलगा आहे. ताट धुतो."

"मग काय?"

घड्याळात साडेअकरा झाले होते. थेमेलिनाने चिकट बोटं फडक्याला पुसली, ती पुसली जाईनात. "सेवी, मला ही हवा आवडत नाही."

"आज?"

"कधीच नाही. तू आठ वर्षांची होतीस. सगळ्या पोरी गेल्या होत्या आणि तू पायरीवर बसली होतीस. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले. मग तेच बोलत राहिले. तू मेलबर्न सोडून आलीस, मला वाटलं त्या बोलण्यामुळे आलीस. आणि आता लग्न. वेंडी फ्रिजमध्ये डोकं घालून उभी असते. तिला काही झालं तर? तुझे पाद्रीबाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, एवढे जाड कपडे. सगळं माझ्या एका थापेवर चाललंय."

सेवास्तीने फडकं आपल्याकडे ओढलं. ती एकेक बदाम फडक्यावर घेऊन कोरडा करत होती. सातवा की आठवा बदाम झाल्यावर म्हणाली, "पण मी पाहिलंय तुला."

"काय पाहिलंस?"

"तुला वाटायचं मी आत अभ्यास करतेय. मी खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांतून बघायचे. पाच वाजले की तू धुण्याच्या दोरीपाशी जायचीस, कपडे तसेच ठेवायचीस, आणि तोंड वर करून, डोळे मिटून उभी राहायचीस. कितीतरी वेळ. तेव्हा तिथे मी नव्हते, कुणीच नव्हतं. मग ती थाप कुणाला मारत होतीस?"

"मी?"

"हो, तू. निळा झगा. मग आत यायचीस आणि गाणं गुणगुणायचीस. एरवी तू कधी गुणगुणतेस?"

थेमेलिनाला यातलं काही आठवेना. निळा झगा आठवला. दोरी आठवली. त्या दोरीपाशी उभी असलेली बाई मात्र कुणीतरी दुसरीच वाटली, जिची ओळख करून द्यायला हवी होती. "दमून उभी राहत असेन," ती म्हणाली. "किंवा तुझ्या बाबांची आठवण येत असेल. किंवा वारा असेल. तुला आवडते का ही हवा? खरं सांग."

"मला काय ठाऊक," सेवास्ती म्हणाली. "मेलबर्नला ढग असायचे ते नुसते पांढरे, अंगात राग नसलेले. पहिल्या ऑक्टोबरला मी रडले. पण ते हवेसाठी रडले, की तुझ्यासाठी, की नोकरी कंटाळवाणी होती म्हणून, ते नाही सांगता येत. इथे दाटण लागली की तिसऱ्या दिवशी वैताग येतो. आणि तरी."

"आणि तरी काय?"

"तेच कळत नाही ना."

फोन वाजला. कालिओपी होती. "हो की नाही? पोरीला सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग हॉल घ्यायचा ना?"

थेमेलिनाने टेबलाकडे पाहिलं, मुलीकडे, बदामांकडे, खिडकीतून दिसणाऱ्या त्या दोरीकडे. "कालिओपी, मला काही कळत नाहीये."

"बारा वाजून तीन मिनिटं झालीत. कळत नाही म्हणजे नको, असं मी धरते." फोन बंद झाला.

"कसला हॉल?" सेवास्तीने विचारलं.

थेमेलिनाने सांगितलं. सेवास्तीच्या हातातला बदाम तसाच राहिला. "तू माझ्या मागे हॉल धरून ठेवला होतास?"

"कालिओपीने."

"आणि मला सांगितलं नाहीस? अगं, मी घेतला असता. परवापासून मला स्वप्नं पडताहेत, माझ्या डोक्यावरचा मेणाच्या फुलांचा मुकुट वितळून नाकावर आलाय."

"मग करू का परत फोन? ती अजून कागद लिहीत असेल."

सेवास्तीने विचार केला. पंखा फिरत राहिला. "नको," ती म्हणाली.

"का?"

"माहीत नाही."

दोघी पुन्हा बदाम पुसायला लागल्या.

रविवारी चर्चमध्ये मुकुट वितळला नाही. अँगसचा सदरा मात्र असा भिजला की फोटोवाल्याने विचारलं, हा समुद्रातून आला का. पाद्रीबाबांनी वेदीभोवतीच्या तीन फेऱ्या नेहमीपेक्षा बऱ्याच लवकर उरकल्या. पाचच्या सुमारास मंडळी परसात आली. लांब टेबलांवर द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात होता, भात भरलेलं कोकरू होतं, बर्फाच्या घमेल्यांत बाटल्या होत्या. वेंडीने पहिल्या दहा मिनिटांतच बूट काढून एका घमेल्यात पाय सोडले आणि शेजारच्या म्हाताऱ्यांनाही तसं करायला लावलं. आंब्यावरून एक पिकलेला आंबा थेट कोकरावर पडला. कालिओपीने पुरचुंड्या वाटल्या. आतले पाचही बदाम एकमेकांना चिकटून त्यांचा एकच खडा झाला होता.

"वाटे होऊ नयेत म्हणून पाच देतात," ती प्रत्येकाला सांगत होती. "आमच्या लीनाने धोकाच ठेवला नाही. हातोडी आणा."

सगळे तक्रार करत होते. उकडतंय, मरतोय, कुठल्या वेड्याने हा महिना काढला, असं म्हणत म्हणत प्रत्येकजण दुसऱ्यांदा वाढून घेत होता. थेमेलिना टेबलांमधून फिरत लोकांचे चेहरे तपासत होती, जशी लहानपणी सेवास्तीला ताप आला की दर पंधरा मिनिटांनी कपाळ बघायची. पाद्रीबाबा ठीक. वेंडी ठीक. अँगस ओला, पण ठीक. उत्तरेला ढग उभा राहिला होता, केवढा तरी, आतून गुरगुरणारा. माणसं दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे पाहत होती. पडणार, कुणी म्हणे. नाही पडायचा, दुसरा म्हणे. नाहीच पडला. दूर समुद्रावर कुठेतरी त्याने आपलं ओझं टाकलं असावं, कारण तिकडून एकाएकी वारा सुटला, थंड, ओल्या मातीचा वास घेऊन आलेला. टेबलावरचे कागद उडाले. बोलणं थांबलं.

थेमेलिना तेव्हा रिकाम्या थाळ्या घेऊन चालली होती. भानावर आली तेव्हा थाळ्या गवतात होत्या आणि ती धुण्याच्या दोरीपाशी होती, तोंड वर, डोळे मिटलेले. आपण आपल्या आपण इथे आलो, की गुरुवारी पोरीने सांगितलं म्हणून आलो? डोळे उघडून पाहिलं असतं तर कदाचित कळलंही असतं. सेवास्ती बघत असेल, असं तिला वाटलं. नसेलही.

पावलं वाजली. कालिओपीच्या अत्तराचा आणि घामाचा वास आला. "आता तरी खरं सांग बाई," कालिओपी कानाशी म्हणाली. "आवडते की नाही?"

"थांब ना जरा," थेमेलिना म्हणाली. "वारा जाऊ दे, मग विचार."